चेहऱ्याच्या मसाजाने काय सैल होतं आणि काय नाही

मी मसाजाकडे वळले ती सुरकुत्यांसाठी नव्हे. दुखणं जबड्याचं होतं. सकाळी उठलं की कानासमोर ठणकायचं, जांभई देताना कट्कन आवाज यायचा आणि दुपारपर्यंत कानशिलं जड व्हायची. दाताच्या डॉक्टरांनी दाढा तपासल्या आणि सांगितलं की कीड वगैरे काही नाही, पण दाढांवरचे उंचवटे झिजून सपाट झालेत. तुम्ही झोपेत दात आवळता, बहुधा दिवसाही आवळत असाल. त्यांनी रात्री दातांवर चढवायचा नाइट गार्ड करून दिला आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे जे शिकले त्याने जबडा तर सुटलाच, शिवाय दोन भुवयांच्या मध्ये वर्षानुवर्षं रुतून बसलेल्या दोन उभ्या आठ्याही नरम पडल्या. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मात्र मसाजाने हलल्या नाहीत. एकाच चेहऱ्यावर, एकाच हाताने केलेल्या मसाजाने एक रेष मऊ व्हावी आणि बोटभर अंतरावरची दुसरी जागची हलू नये, हे का झालं ते समजून घ्यायला मला बराच काळ लागला. ते सगळं लिहिते आहे, कारण या मसाजाबद्दल एक तर ‘दहा वर्षांनी तरुण दिसाल’ असं ऐकायला मिळतं, नाही तर ‘सगळं थोतांड’ असं. मला आलेला अनुभव या दोन्हींत बसत नाही.

फिजिओथेरपिस्ट माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान होती. मला खुर्चीत बसवून तिने पहिला प्रश्न विचारला, “ताई, आत्ता या क्षणाला तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का?” टेकले होते. मी काही चावत नव्हते, बोलतही नव्हते, नुसती बसले होते, तरी टेकले होते. तिने सांगितलं की ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून किंचित सुटलेले आणि जीभ टाळूला अलगद लागलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. दातांनी दातांना भेटायचं ते चावताना आणि गिळताना. बाकी दिवसभर त्यांच्यात फट हवी. हे ऐकून मी दात सुटे करायचा प्रयत्न केला, तर हनुवटी थरथरायला लागली. इतकी तिला त्या सैलपणाची सवय नव्हती.

मग तिने हातमोजा घालून अंगठा माझ्या गालाच्या आत घातला आणि दोन बोटं बाहेरून गालावर ठेवली. चावताना जो स्नायू कानाखाली गोळ्यासारखा फुगतो, तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत तो उतरतो. तिने तो अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये धरला, चोळला नाही, नुसता धरून ठेवला. मला वाटलं होतं गाल दुखेल. दुखलं कानशिलात! “इथे दाबलं की तिकडे दुखतं ना? होतं तसं,” ती म्हणाली आणि दाब तसाच ठेवून मला सावकाश श्वास सोडायला सांगितलं. दोन-चार श्वासांनंतर तिच्या चिमटीतला स्नायू मऊ पडल्याचं मला आतून कळलं. ताठ दोरी भिजल्यावर लवचिक व्हावी, तसं काहीसं. मग तिने बोटं अर्धा सेंटिमीटर खाली सरकवली आणि पुन्हा तेच.

त्यानंतर तिने हातात आरसा दिला. “आता मुद्दाम दात आवळा आणि कपाळाकडे बघा.” मी आवळले. भुवया जवळ आल्या आणि मधल्या दोन रेषा खोल झाल्या. दात सोडले, रेषा उथळ झाल्या. पुन्हा आवळले, पुन्हा खोल. जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंना वेगवेगळ्या नसा चालवतात, त्यामुळे सगळ्यांचं असं होत असेल असं नाही. पण लक्ष एकवटलं, ताण आला, की माझं शरीर दोन्हीकडे एकदमच गाठ मारतं. दिवसभर स्क्रीनवरचा बारीक मजकूर तपासायचा हे माझं काम, म्हणजे दिवसातले कितीतरी तास ती गाठ बसलेली.

इथे चेहऱ्याच्या स्नायूंबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हातापायाचे स्नायू साधारणपणे एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातात आणि आकुंचन पावले की हाड हलतं. चेहऱ्यावरचे हावभावांचे बहुतेक स्नायू मात्र एका टोकाला थेट त्वचेत घुसलेले असतात. ते आखडले की त्वचाच ओढली जाते, आणि म्हणून चेहरा बोलतो. सुरकुती पडते ती स्नायूच्या धाग्यांना काटकोनात. कपाळाचा स्नायू उभा आहे, तो भुवया वर उचलतो, म्हणून कपाळावरच्या आठ्या आडव्या. भुवया आत ओढणारा छोटासा स्नायू आहे, कॉरुगेटर, तो तिरका-आडवा आहे, म्हणून भुवयांमधल्या आठ्या उभ्या. डोळ्याभोवतीचा स्नायू कड्यासारखा गोल, म्हणून त्याच्या सुरकुत्या बाहेरच्या कोपऱ्यातून पंख्यासारख्या पसरतात. फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या डॉक्टरांनी 1862 मध्ये विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचा एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला होता. मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा हा गोल स्नायू सामील होतो हे त्यांनीच नोंदवलं. मला ही माहिती फार जवळची वाटली. माझ्या डोळ्यांच्या कडेला जे आहे त्यातलं काही तरी हसून आलेलं आहे.

जबड्याच्या उपचारांना काही आठवडे झाल्यावर मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, वेगळ्याच कारणाने. गालावर एक डाग वाढल्यासारखा वाटत होता. डाग साधा निघाला. निघताना मी विचारलं, की मसाजाने सुरकुत्या खरंच कमी होतात का. त्यांनी उडवून लावलं नाही याचं मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, “कोणती सुरकुती, त्यावर आहे.” त्यांनी मला टेबलावर आडवं केलं, डोळे मिटून चेहरा सैल सोडायला सांगितला आणि भिंगातून पाहिलं. सैल चेहऱ्यावर जी रेष जवळजवळ नाहीशी होते ती स्नायूच्या ताणाची. सैल चेहऱ्यावरही जी तशीच राहते ती त्वचेत कोरली गेलेली. माझ्या भुवयांमधल्या आठ्या मिश्र होत्या, बऱ्याचशा ताणाच्या आणि थोड्या कोरलेल्या. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या जवळजवळ सगळ्या कोरलेल्या.

कोरलं जातं ते कसं? त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन असे दोन प्रकारचे धागे असतात. एकाने त्वचेला बळकटी येते, दुसऱ्याने ताणल्यावर परत येण्याची ताकद. पंचविशी-तिशीनंतर कोलॅजेन हळूहळू कमी होत जातं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत बायकांच्या त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजेन जातं असं मानलं जातं. मी नेमकी त्याच उंबरठ्यावर आहे, त्यामुळे ‘अचानक वय दिसायला लागलं’ हे जे मला वाटत होतं ते नुसतं मनाचं नव्हतं. पण या सगळ्याहून मोठा वाटा उन्हाचा. डॉक्टरांनी एका ट्रकचालकाचा फोटो दाखवला, 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. वय 69, 28 वर्षं मालवाहू गाडी चालवलेली. खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल घड्यांनी भरलेली. उजवी बाजू त्याच माणसाच्या धाकट्या भावाची वाटावी. खिडकीची काच उन्हातले सगळे अतिनील किरण अडवत नाही, यूव्हीए किरण आत येतात आणि खोलवर जाऊन कोलॅजेन तोडतात. तो फोटो मी बराच वेळ बघत राहिले. माझ्या कामाच्या टेबलाची खिडकीही डावीकडेच आहे.

“मसाज करा, चांगला आहे,” त्या म्हणाल्या, “पण सनस्क्रीन नसेल तर एका हाताने लावायचं आणि दुसऱ्या हाताने पुसायचं असं होईल.” ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक लोकांवर झालेल्या एका चाचणीचा त्यांनी दाखला दिला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या. ज्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं होतं त्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांनंतर वाढत्या वयाच्या खुणा 24 टक्के कमी वाढल्या होत्या, ज्यांनी आपल्या मर्जीने लावलं त्यांच्या तुलनेत. मसाजाच्या बाजूने असा भक्कम पुरावा नाही, हे त्यांनी तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं.

मला मात्र आरशासमोर आठ्या उथळ झालेल्या प्रत्यक्ष दिसल्या होत्या. म्हणून फिजिओथेरपिस्टला मी सांगितलं, जबड्याबरोबर कपाळाचंही शिकवा. तिने शिकवलेला क्रम मी आजही पाळते.

वेळ रात्रीची. सकाळी घाई असते आणि घाईतला हात जड पडतो. आधी हात धुवायचे, नखं कापलेली हवीत, चेहरा साध्या फेसवॉशने धुतलेला हवा. मग चार-पाच थेंब हलकं तेल. बोट घसरलं पाहिजे, पण त्वचा खेचली जाता कामा नये, एवढंच तेलाचं काम. कुठलंही तेल सुरकुत्यांत शिरून त्या भरून काढत नाही. ज्यांना मुरमांचा त्रास आहे त्यांनी जड तेल टाळावं, रंध्रं बुजतात.

सुरुवात चेहऱ्यापासून नाही, मानेपासून. याचं कारण मला पटलं. पेशींभोवती साचणारं जादा पाणी, म्हणजे लसिका (लिम्फ), लसिकावाहिन्यांतून वाहून नेलं जातं. रक्ताला हृदयाचा पंप आहे, लसिकेला तसा मोठा पंप नाही. स्नायूंची हालचाल, श्वास आणि वाहिन्यांचं स्वतःचं मंद आकुंचन यांवर ती चालते. चेहऱ्याची लसिका कानासमोरच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींतून मानेत उतरते आणि कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरांना मिळते. म्हणून आधी कॉलरबोनच्या वरचा खळगा बोटांच्या सपाट पेरांनी हलकेच दाबून सोडायचा, मग मानेच्या बाजूंवरून वरून खाली हात फिरवायचा, मग कानाच्या पुढे-मागे. खालची वाट मोकळी केली की वरचं उतरतं. हा दाब किती हलका असावा हे ऐकून आश्चर्य वाटेल: फक्त त्वचा सरकावी, खालचा स्नायू बोटाला जाणवूही नये. या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात, जोर लावला तर उलट दबून बंद होतात. मानेच्या बाजूला, श्वासनलिकेच्या शेजारी जिथे नाडी लागते, तिथे तर कधीच दाबायचं नाही. त्या धमनीत रक्तदाब जोखणारी जागा असते, तिच्यावर दाब पडला की ठोके मंदावून चक्कर येऊ शकते.

मग जबडा. हा सगळ्यात खोल दाबाचा भाग. तोंड किंचित उघडं ठेवून मॅसेटरवर दोन बोटं टेकायची, दुखरी जागा सापडेपर्यंत सावकाश गोल फिरवायची, आणि सापडली की तिथे थांबायचं. घासायचं नाही. श्वास सोडत राहायचं. तोंडाच्या आतून करायचं असेल तर स्वच्छ अंगठा, आणि मुळात एकदा तरी जाणत्या माणसाकडून शिकून घेतल्यावरच. आतली त्वचा नाजूक असते आणि स्नायू कुठला, ग्रंथी कुठली हे बोटाला कळायला वेळ लागतो.

आता भुवया. माझ्यासाठी सगळं सार इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नाकाच्या मुळाशी भुवई जिथून सुरू होते तिथे अंगठा भुवईच्या खाली आणि तर्जनी वर ठेवायची. केस नाही धरायचे, केसांखालचा मांसल पट्टा धरायचा. मी पहिल्यांदा धरला तेव्हा तिथे एवढं मांस असेल असं वाटलंही नव्हतं. कपाळ म्हणजे कातडी आणि हाड अशीच आपली समजूत. चिमटीत तो पट्टा बारीक दोऱ्यासारखा लागतो, आणि दिवस वाईट गेला असेल तर चक्क टणक लागतो. तो हलकेच हाडापासून उचलायचा, श्वास सोडेपर्यंत धरायचा, सोडायचा. मग बोटाच्या रुंदीएवढं बाहेर सरकायचं आणि पुन्हा. भुवईच्या मध्यापर्यंत गेलं की बस, कारण कॉरुगेटर साधारण तिथे संपतो. आतल्या टोकापासून थोडं बाहेर, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या काठावर एक बारीकशी खाच लागते, तिथून कपाळाची नस वर जाते. तिच्यावर थेट दाब पडला तर झिणझिण्या येतात. तिथून बोट थोडं बाजूला घ्यायचं. हे झालं की दोन्ही तर्जन्यांची सपाट बाजू भुवयांच्या मध्ये ठेवून एक वर, एक बाजूला अशी अगदी सावकाश सरकवायची. रेष पुसायची घाई करायची नाही. या भागावर मी कपाळापेक्षा, गालांपेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ देते.

डोळ्यांभोवती जवळजवळ काहीच करायचं नाही. पापणीची त्वचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ. अनामिकेने, कारण तिचा जोर कमी पडतो, खालच्या हाडाच्या काठावरून कानशिलाकडे दोन-तीनदा. नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीवर मी आधी खूप आशा ठेवून होते. ती घडी बरीचशी गालातली चरबी आणि आतले पट्टे सरकल्यामुळे पडते, चोळून जात नाही. बाजूचा गाल हलकेच उचलून सोडते, एवढंच. शेवटी पुन्हा मान, पुन्हा कॉलरबोन. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आसपास.

हे सुरू केल्यावर मला एक गोष्ट मनापासून हवी होती: खरं काय ते कळलं पाहिजे. नवीन काही सुरू केलं की चेहरा उजळल्यासारखा वाटतोच. म्हणून काही आठवडे मी फक्त डाव्या अर्ध्या चेहऱ्याला मसाज केला. खिडकीकडची, जास्त ऊन खाल्लेली बाजू मुद्दाम निवडली. फोटो एकाच ठिकाणी, एकाच दिव्याखाली, संध्याकाळी, चेहरा धुतल्यावर. सकाळचे फोटो फसवतात. रात्रभर आडवं झोपल्याने चेहऱ्यात पाणी साचतं आणि त्या सुजेनेच बारीक सुरकुत्या भरल्यासारख्या दिसतात किंवा डोळ्यांखालच्या पिशव्या मोठ्या दिसतात. प्रकाशाचंही तसंच. वरून पडलेला प्रकाश प्रत्येक घडीला सावली देतो, समोरचा प्रकाश सगळं सपाट करतो. मसाजाच्या आधी-नंतरचे जे फोटो आपण बघतो त्यांत हनुवटी कुठे आहे आणि दिवा कुठे आहे ते आधी बघावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

पहिले काही दिवस मसाज झाल्या झाल्या फरक स्पष्ट दिसायचा. डावा गाल गुलाबी, डोळ्याखालचा फुगवटा कमी, जबड्याची कड जास्त रेखीव. दोन-तीन तासांत हे सगळं विरून जायचं. हे अपेक्षितच होतं. जपानमध्ये 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गालाच्या एका बाजूवर पाच मिनिटं रोलर फिरवला, तर त्याच बाजूचा त्वचेतला रक्तप्रवाह वाढला आणि ती वाढ दहा मिनिटांहून जास्त टिकली. रक्त येतं, लाली येते, पाणी उतरतं, चेहरा तरतरीत दिसतो. हा परिणाम खरा आहे, आणि तो तेवढ्यापुरताच आहे. एखाद्या समारंभाआधी करायला उत्तम.

टिकून राहिलेला फरक मला पुष्कळ उशिरा दिसला, तोही एकाच जागी. भुवयांमधल्या दोन आठ्यांपैकी डावी उथळ झाली होती. मला स्वतःला ते आधी कळलंच नाही, रोज बघणाऱ्याला कळत नाही. बहिणीला जुने-नवे फोटो शेजारी ठेवून दाखवले, कुठल्या बाजूला मसाज केला ते न सांगता. ती म्हणाली, “कपाळ बरं दिसतंय गं, पण एकाच बाजूने. डोळ्यांत तर काही फरक नाही.” नेमकं तेच. डोळ्याच्या कडेला, गालावर, ओठांवरच्या बारीक उभ्या रेषांत, कुठेही डाव्या-उजव्यात फरक नव्हता. आठी गेली नाही हेही खरं. चेहरा सैल असताना आजही ती बारीकशी दिसते, कोरलेला भाग कोरलेलाच आहे. पण तिच्यावर दिवसभर जी ताणाची भर पडत होती ती कमी झाली.

मला वाटतं, यात मसाजाच्या दाबाचा वाटा अर्धाच असावा. उरलेला अर्धा वाटा जाणिवेचा. रोज रात्री तो टणक पट्टा चिमटीत धरल्यामुळे मला दिवसा कळायला लागलं की तो कधी टणक होतोय. मजकुरात एखादी चूक दिसली की आधी दात टेकतात, मग भुवया. आता दात टेकले की लक्षात येतं, मी ते सुटे करते, आणि भुवया आपोआप दूर जातात. डोळ्यांच्या कडेची सुरकुती अशा कुठल्या सवयीवर उभी नाही, ती उन्हाने आणि वयाने आणि हसण्याने झाली आहे. तिला बोटाने सोडवण्यासारखं काही नाही. उजव्या बाजूलाही मसाज सुरू केल्यावर उजवी आठी डावीपेक्षा लवकर नरम पडली, त्याचं कारणही मला हेच वाटतं: दात सुटे ठेवायची सवय तोपर्यंत लागली होती.

याचा जो फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो आरशातला नाही. पूर्वी ऑफिसात दर काही दिवसांनी कोणी तरी विचारायचं, “काही बिनसलंय का?” किंवा नवीन आलेली मुलं शंका विचारायला कचरायची, कारण मी चिडलेली दिसायचे. मी चिडलेली नसायचे, वाचत असायचे. आपल्या चेहऱ्याने आपल्या मनात नसलेलं सांगत राहावं, याचं मला फार वाईट वाटायचं. तो प्रश्न आता क्वचित येतो. तरुण दिसण्यापेक्षा हे मला हवंहवंसं होतं, आणि ते मसाजाने दिलं.

मधल्या काळात दोन गोष्टी करून पाहिल्या. एक म्हणजे चपट्या दगडाने चेहरा घासणं, ग्वाशा. हलक्या हाताने, तेल लावून केलं तर तो हाताच्याच मसाजाचा एक प्रकार आहे. दगडाचा थंडपणा डोळ्यांखाली सुखद वाटतो. अंगावर ग्वाशा करताना त्वचेवर लाल-जांभळे डाग उठेपर्यंत घासतात, ते चेहऱ्यावर करण्यात काहीच अर्थ नाही. ते डाग म्हणजे फुटलेल्या केशवाहिन्यांतून झिरपलेलं रक्त. दुसरं, एका ब्युटी पार्लरमध्ये करून घेतलेला मसाज. तिथे जाड क्रीम लावून, खालून वर ‘त्वचा उचलायची’ म्हणत इतकं जोरात चोळलं, की दुसऱ्या दिवशी गालांवर बारीक पुरळ आलं आणि आठवडाभर राहिलं. खालून वर चोळल्याने चेहरा वर चढत नाही. चेहरा ओघळतो तो आतली हाडं, चरबी, पट्टे आणि त्वचा सगळ्यांच्या झिजेमुळे, त्यावर हाताच्या दिशेचा इलाज नाही.

चेहऱ्याच्या व्यायामाबद्दलही मला विचारतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 40 ते 65 वयाच्या बायकांकडून 20 आठवडे रोज किंवा दिवसाआड अर्धा तास चेहऱ्याचे व्यायाम करून घेतले. 27 जणींनी सुरुवात केली, 16 जणी शेवटपर्यंत टिकल्या. फोटो पाहून वय सांगणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांचं सरासरी वय आधी 50.8 सांगितलं होतं, नंतर 48.1. फरक गालांच्या भरीवपणात होता. स्नायू वाढला, गाल भरला, एवढा त्याचा अर्थ, आणि तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट त्यात नव्हता. मॅसेटर आणि कॉरुगेटर आधीच जादा काम करत असतील, तर त्यांना आणखी व्यायाम मी तरी देणार नाही. गालांसाठी कुणाला करायचा तर जरूर करावा.

त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे मला ट्रेटिनॉइनचं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीतल्या औषधाचं, सौम्य क्रीम लिहून दिलं. उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ते काम करतं हे 1986 पासून नोंदलं गेलं आहे. माझ्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांत जी काही थोडी सुधारणा दिसते ती त्याने आणि रोजच्या सनस्क्रीनने, मसाजाने नाही. ज्या रात्री हे क्रीम लावते त्या रात्री चेहऱ्याला हात लावत नाही, फक्त जबडा आणि मान करते. या औषधाने वरची त्वचा हुळहुळी होते, त्यावर चोळलं की आग होते, सालं निघतात.

चेहऱ्यावर काही उठलेलं असताना, म्हणजे पिकलेली मुरमं, ओठांवर नागिणीसारखे फोड, त्वचेचा संसर्ग, ताजी जखम, उन्हाने भाजलेली कातडी, यांपैकी काहीही असेल तर मसाज थांबवायचा. रोझेशियाने ज्यांचे गाल पटकन लाल होतात त्यांना रक्तप्रवाह वाढवून फायदा नाही. जबड्याखाली किंवा मानेत गाठ हाताला लागली आणि ती दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी. खरं तर मानेवरून रोज हात फिरवण्याचा हा एक चांगला उपयोग आहे, आपली मान आपल्याला ओळखीची होते.

माझ्या बहिणीने माझे फोटो पाहूनही बोटॉक्सच घेतलं, आणि तिचा निर्णय मला योग्यच वाटला. तिच्या आठ्या माझ्यापेक्षा खोल होत्या, तिला घाई होती, आणि ते इंजेक्शन नेमकं त्याच कॉरुगेटरला तीन-चार महिने सैल करतं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली. मी चिमटीने जे हळूहळू करते ते सुई काही दिवसांत करते. इंजेक्शन घेतलं त्या दिवशी तिने मला फोन करून विचारलं, आता मसाज करू का. मी म्हटलं, आज कपाळाला अजिबात हात लावू नकोस, औषध शेजारच्या स्नायूत पसरलं तर पापणी उतरू शकते; किती दिवस थांबायचं ते तुझ्या डॉक्टरांनाच विचार. जबड्याचा तेवढा तिने पुढच्या आठवड्यात सुरू केला, कारण रात्री दात ती पण आवळते.